दम लागतो का?

काटोल
६ नोव्हेंबर २०२४

शालिक,

आशीर्वाद आधी घे, रागावणं मंग वाचजो.

भाऊबीजेले ओवाळणीचं ताट करून मी दारात बसली होती. तू आला नाही. राखीलेही नाही आला. तवा म्हणे शाळेची व्हॅन दुरुस्तीले टाकली आहे. बरं, मानलं. पण परवा आमचा रोहित संत्रा घेऊन नागपूरच्या मंडीत गेला होता. घरी येऊन म्हणते, "माय, मामा दिसला, पण मी आधी वळखलंच नाही. डोक्यावर केस नाही, भुवया नाही. मले पाह्यलं अन् गर्दीत शिरला."

सख्ख्या भाच्याले पाहून कोणी पळते का गा?

फोन करू नको. कानाची मशीन लावली तरी मले फोनातलं निस्तं घूं घूं ऐकू येते. काजलले मधात घालून बोलावं, त ही सून सगळं गोड करून सांगते. काय असन ते लिहून कळव.

तुही बाई,
मनकर्णा

मानेवाडा, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

बाई,

नमस्कार. तुझं ताट रिकामं राहिलं याची मला लाज आहे.

छातीत एक गाठ झाली होती. मे महिन्यात ऑपरेशन करून काढली. नंतर जी औषधं दिली त्यांनी केस गेले. आता परत येऊन राहिले, लहान पोराच्या जावळासारखे. आटोपलं सारं. आमच्या पोरीची, भूमिकाची, बँकेतली नोकरी पक्की झाली. मी पण दिवाळीनंतर व्हॅन पुन्हा सुरू केली आहे. कळमेश्वरच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर लोकांची लेकरं शाळेत नेणं-आणणं हाच माझा टाइमपास, तुला माहीत आहे.

रोहितला म्हण, मामावर राग नको धरू.

शालिकराम

काटोल
२२ नोव्हेंबर २०२४

शालिक,

छातीत गाठ म्हणजे फुप्फुसात. तुह्या विडीले मी आठ दिवसांपासून शिव्या देऊन राहिली. कॅन्सरच ना? केस कायनं जातात ते काटोललेही माहीत आहे, बाप्पा. 'आटोपलं' म्हणतं, अन् माह्या घरी यायले पाय उचलत नाही. शब्द लिहिल्यानं रोग वाढत नसते. लिही.

मनकर्णा

नागपूर
१ डिसेंबर २०२४

बाई,

विडीला उगाच शिव्या देऊ नको, फुप्फुस नाही. कॅन्सर आहे, स्तनाचा. बाईमाणसाला होते तोच. हा शब्द मी आज पहिल्यांदा हातानं लिहून राहिलो. भूमिकाचं ऑफिस आणि शेजारीपाजारी यांना आम्ही 'छातीची गाठ' एवढंच सांगितलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात आंघोळ करताना छातीच्या डाव्या बोंडाखाली काहीतरी कडक लागलं. बोराच्या बी एवढं. उष्णतेचं असेल म्हणून सोडून दिलं. वर्षभर सोडून दिलं, बाई. मग बोंड आत ओढलं गेलं आणि बनियनला डाग पडायला लागला, तेव्हा तुझ्या भावजयीनं, जयवंतानं धरून नेलं. कॅन्सरच्या डॉक्टर अबोली मॅडम म्हणून आहेत, भूमिकापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी सांगितलं की पुरुषाच्या छातीतही ते मांस थोडं असतेच, आणि जिथं मांस आहे तिथं रोग होऊ शकतो. डावी बाजू सपाट करून टाकली. काखेतल्या दोन गाठींमध्येही निघाला.

दवाखान्यात जिथं औषध चढवतात त्या हॉलमध्ये सगळ्या बायका. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर 'श्रीमती' छापून आलं आणि पोरीनं तसंच मोठ्यानं वाचलं. कळमेश्वरच्या एक शोभाताई शेजारच्या खाटेवर होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, वहिनींना कुठं नेलं? त्यांची खाट रिकामी आहे." मी त्याच खाटेवर चढलो. तेव्हापासून त्या हॉलमध्ये मी भिंतीकडे तोंड करून झोपतो.

आता खरं सांगायचं ते. केस जायचं औषध संपलं, पण एक इंजेक्शन अजून चालू आहे. माझ्या गाठीच्या पेशीवर एक प्रथिन फार जास्त आहे. त्याच्यामुळं ती पेशी भराभर वाढते. हे इंजेक्शन नेमकं त्यालाच जाऊन धरते, म्हणून याला टार्गेटेड म्हणतात. दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर. यानं रोग परत यायची भीती पुष्कळ कमी होते. जात नाही, कमी होते.

पण काही जणांचं हृदय यानं कमजोर होते. म्हणून दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात, आणि प्रत्येक सुईच्या आधी मॅडम विचारतात, "दम लागतो का? पाय सुजतात का?" मी म्हणतो नाही.

तू हसशील असं वाटलं होतं, म्हणून आलो नाही. बस, एवढंच.

शालिक

काटोल
९ डिसेंबर २०२४

शालिक,

हसली नाही. पदर तोंडाले लावून बसली होती. काजल धावत आली, तिले वाटलं कोणी गेलं. मी तिले पत्र वाचून दाखवलं. ती म्हणे, "मामाजी एकटेच नाही, माणसाले होते, मी मोबाइलवर वाचलं आहे." पाह्य, सुनेले माहीत अन् मले नाही.

लाज कायची गा? माय आजारी होती तवा तूच तिले न्हाऊ घालत होता. तवा नाही लाजला.

पण ते हृदयाचं मी तीनदा वाचलं. एक रोग काढायले दुसरा घरात घ्यायचा, हा कोणता इलाज? तुह्या भाऊजीले मी हृदयापायीच घालवलं. त्या मॅडमले म्हणा, दुसरं काही औषध द्या. नसन त कमी द्या.

मनकर्णा

नागपूर
१० फेब्रुवारी २०२५

बाई,

उशीर झाला, पण मजेत आहे. कमी देता येत नाही, मी विचारलं. नोव्हेंबरचा इको साठ निघाला होता, म्हणजे झकास. हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर फेकते त्याचा तो आकडा. पन्नासच्या वर असलं की ठीक समजतात. त्यामुळं तू रामाजी भाऊजींची आठवण काढून घाबरू नको. त्यांचं वेगळं होतं, त्यांना झटका आला होता.

सुया चालू आहेत. हवा बदलली म्हणून जरा कोरडा खोकला आहे. आडवं पडलं की जास्त येतो, म्हणून जयवंताची उशी पळवून दोन उशा घेऊन झोपतो. ती कुरकुरते. चपला मात्र नवीन घ्याव्या लागतील, दोन्ही घट्ट झाल्या. जयवंता म्हणते, अंगावर मांस धरलं, आता माणसात आला. व्हॅनमधल्या एका चिमुकलीला मी तिसऱ्या मजल्यावरून कडेवर आणायचो. आता खालूनच हॉर्न देतो. वय झालं म्हणायचं. फेब्रुवारीचा इको बाकी आहे. त्या दिवशी मशीनवर फार गर्दी होती. पुढच्या वेळी काढतो म्हणून सांगितलं.

सुयांत खंड पडू द्यायचा नाही एवढं मी ठरवलं आहे. सुई गेली की ते तीन आठवडे मी निवांत असतो.

शालिक

काटोल
१५ फेब्रुवारी २०२५

शालिक,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, रोहितच्या हाती देऊन राहिली. रोहितले सांगतलं आहे, मामानं वाचलं की मामीले वाचायले दे, तोवर उठू नको.

तुले काहीच कसं दिसत नाही? भाऊजीले झटका आला तो पुढं. त्याच्या आधी वर्षभर काय होतं? पहिले एक उशी, मंग दोन, मंग खाटेच्या लाकडाले टेकून. कोरडा खोकला. आम्ही अडुळशाचा काढा देत बसलो. मंग जोडे चढेनात. मी म्हनलं, नवे घ्या. मले नाही कळलं, कारण कोणी सांगतलं नव्हतं. तुले त डॉक्टर दर खेपेले तोंडानं विचारते, अन् तू नाही म्हणतं! खोकला नोय तो. हवा बदलली नाही. तुह्या अंगात पाणी साचून राहिलं.

का मी उगाच भेवून राहिली? असं असन त मले लिहिजो, 'बुढे, तुले भ्रम झाला.' मी आनंदानं वाचीन. पण आधी ती मशीन कर. उद्याच.

अन् व्हॅनची चाबी भूमिकाजवळ दे. तुह्या मागं लेकरं बसतात, शालिक. रिंगरोडवर तुले अंधारी आली त त्याहीच्या मायबापाले काय सांगशीन?

जयवंता, वाचलं का वं? त्याच्या नडगीवर अंगठा दाबून पाह्य. खड्डा राहते का ते पाह्य.

मनकर्णा

नागपूर
२४ फेब्रुवारी २०२५

मोठ्या बाईंना,

जयवंताचा नमस्कार. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, समजून घ्या.

रोहित आला तेव्हा हे जेवायला बसले होते. पत्र वाचलं, घडी केली, खिशात टाकलं. म्हणाले, "बाईला जिकडं तिकडं भाऊजीच दिसतात." रोहित उठेचना. म्हणाला, "मामीले द्या." तसे हे ताटावरून ओरडले त्याच्यावर. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. भूमिकानं यांच्या खिशातून पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ वाचून ती खाली बसली आणि यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा राहिला, बाई. मी रोज त्या पायांना तेल लावत होते. मांस धरलं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नेलं. इको त्रेचाळीस. मॅडमनी विचारलं, "दम केव्हापासून लागतो?" हे फरशीकडे पाहत म्हणाले, "डिसेंबरपासून." मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, मी दर वेळी विचारत होते ते कशासाठी?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही सुई बंद केली असती," हे म्हणाले. "पोट्टीचं लग्न व्हायचं आहे, मॅडम. मला तो रोग परत नको."

मला हे बाहेर कॉरिडॉरमध्ये आठवत राहिलं. एवढी भीती पोटात घेऊन हा माणूस आमच्याशी हसत होता.

पाच दिवस भरती होते. लघवीवाटे पाणी काढलं. आता एका उशीवर झोपतात. हृदयाच्या गोळ्या चालू केल्या. सुई बंद. व्हॅन दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. तुमच्यावर रागावले आहेत. तुम्ही मनावर घेऊ नका.

जयवंता

नागपूर
१९ मार्च २०२५

बाई,

सगळे म्हणतात बाईनं वाचवलं. खरं असेल. मला मात्र अजून तुझा रागच येतो. खोटं कशाला लिहू?

घरात बसवत नाही. सकाळी मानेवाडा चौकापर्यंत जातो, शाळेच्या गाड्या पाहतो, परत येतो. वर्तमानपत्राचं एक पान धड वाचून होत नाही. हात सारखा काखेत जातो. जयवंता हात ओढून काढते, मी पुन्हा घालतो. सुई बंद आहे, म्हणजे ती पेशी आत कुठंतरी मोकळी फिरून राहिली असं वाटते. ती आहे की नाही हेही कोणाला माहीत नाही. पाठ दुखली तर वाटतं हाडात गेला. पायावर मात्र खड्डा पडत नाही, हे मी रोज पाहतो, तुझी आठवण काढून.

हृदयाचे डॉक्टर मुकुंद सर म्हणतात, या औषधानं झालेली कमजोरी बहुतेकांची भरून येते. बहुतेकांची. हा शब्द मला आता पाठ झाला आहे. तिकडं मॅडम बहुतेक म्हणतात, इकडं सर बहुतेक म्हणतात, आणि मध्ये मी एकटा. एक महिन्यानं पुन्हा इको, मग ठरवायचं.

शालिक

काटोल
२७ मार्च २०२५

शालिक,

राग कर. जिवंत माणूसच राग करते.

बंद झाली हे चांगलं झालं. आता चालू करू नको. अर्ध्यावर सुया झाल्याच ना? तेवढ्यानं काही त काम केलं असन. गाठ कापून काढली, केस जायचं औषध झालं. आता जे आहे त्यावर राह्य. रोग परत येईन का नाही, ते कोणाले माहीत नाही. हृदय गेलं की काय होते, ते मले माहीत आहे. शेवटी शेवटी भाऊजीले घोटभर पाण्यानंही दम लागे. मी त्याहीले पंख्याखाली बसवून रातभर पाठ चोळत राहो. तसं तुह्यासाठी जयवंतानं करावं का?

माहं ऐकजो. एवढी खेप ऐकजो.

मनकर्णा

नागपूर
३० एप्रिल २०२५

बाई,

इको बावन्न आला.

काल दोन्ही डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, अर्ध्या वर्षाच्या सुयांनीही बराच फायदा होतो असं काही अभ्यास दाखवतात, म्हणून इथंच थांबलात तर मी तुम्हाला वेडं म्हणणार नाही. पण काखेतल्या दोन गाठी निघाल्या होत्या, म्हणून माझा कल वर्ष पूर्ण करण्याकडं आहे. मुकुंद सर म्हणाले, गोळ्या चालू ठेवून देता येईल, पण दर सहा आठवड्यांनी इको, रोज सकाळी वजन, आणि एकदा जरी दम लागला तर त्याच दिवशी फोन. पुन्हा खाली गेला तर कायमचं बंद. "आणि या वेळी भरून येईलच असं मी लिहून देणार नाही," हेही म्हणाले.

जयवंता म्हणाली नको. भूमिका म्हणाली घ्या. मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी तुझं पत्र खिशात घेऊन गेलो होतो. तुला भाऊजींचा दम दिसतो, कारण तू तो पाहिला. मी त्या हॉलमध्ये दुसरं पाहिलं. शोभाताईंचा परत आला, हाडात. मार्चपासून त्यांना उभं राहता येत नाही. त्यांचा प्रकार माझ्यापेक्षा वेगळा होता, हे मॅडमनी मला दोनदा समजावलं. समजलंही. पण बाई, समजून भीती जात नाही. तुझी जात नाही, तशीच माझी.

मी हो म्हटलं. डिसेंबरपासून मी सुई घेत होतो ती दम लपवून. आता सगळ्यांना सांगून घेतो. दम लागला तर आधी मॅडमला सांगीन, मग जयवंताला, मग तुला. मला दोन्हीकडून मरायची भीती वाटते. त्यातली एक भीती कमी करायचा रस्ता आहे, आणि दुसरीवर पहारा ठेवता येतो. मला एवढंच कळलं.

तू नाही म्हणाली होतीस. तुझं ऐकलं नाही.

शालिक

नागपूर
२४ जून २०२५

बाई,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. रोहितला फोन केला तर म्हणतो, माय बरी आहे, बोलत नाही तेवढंच.

सुया सुरू झाल्या. पहिल्या सुईच्या दिवशी अर्धा तास आधीच जाऊन बसलो. सिस्टरनं विचारलं, "दम लागतो का?" मी म्हटलं, "थांबा, जरा चालून सांगतो." जिन्यानं वर गेलो, खाली आलो आणि मग सांगितलं, नाही. ती हसली.

रोज वजन करतो. आकडा जरा हलला की दिवस खराब जातो. काल इको झाला. एक्कावन्न. सर म्हणाले, चालू द्या.

बरं वाटत नाही, बाई. वाईटही वाटत नाही. एका इकोपासून दुसऱ्या इकोपर्यंत जगतो. हे कोणाला सांगायचं?

शालिक

काटोल
८ जुलै २०२५

शालिक,

तुहं पत्र आलं अन् मी ते चार दिवस फोडलं नाही. तांदळाच्या डब्यावर ठेवून दिलं. आकडा असन आत, हे माहीत होतं. पाचव्या दिवशी काजल म्हणे, "आत्याबाई, न वाचल्यानं तो बदलणार आहे का?" तिनं फोडलं अन् फक्त आकडा बोट ठेवून दाखवला. मंग मी सारं वाचलं.

लिहिलं नाही, कारण तुह्यावर राग होता, अन् रागात लिहिलं असतं त तो शब्द तुह्याजवळ राहून गेला असता. तुले काही झालं असतं त मी तो कुठून परत आणला असता?

एका इकोपासून दुसऱ्या इकोपर्यंत जगतो म्हणतं. मले सांग. मलेच सांगत जाय. मी तरी काय करून राहिली? पोस्टमन दिसला की अंगणातून आत पळते, अन् नाही दिसला की रस्त्यावर जाऊन उभी राह्यते.

पुढच्या सुईले मी येऊन राहिली. त्या हॉलमध्ये तुह्या खाटेपाशी बसीन. भिंतीकडे तोंड करून झोपायचं नाही, मले तुहं तोंड पाहायचं आहे. जयवंताले एक दिवस घरी राहू दे, तिचे पाय दुखत असन.

पण एक सांगून ठेवते. तू बरोबर केलं, असं मी म्हणणार नाही. मले अजूनही तसं वाटत नाही. मी चुकली असं निघालं त माह्याएवढा आनंद कोणाले होणार नाही. पण माही चूक मले दाखवायले तूच पाहजेन. तवा नीट राह्यजो.

तुही बाई,
मनकर्णा